‘नगरसेवकाची चिठ्ठी आणा’ : मुंबईतला एक जुना गैरसमज

गटार तुंबलं की सोसायटीत कुणीतरी म्हणतंच, ‘नगरसेवकाच्या लेटरहेडशिवाय पालिका तक्रार घेत नाही.’ वर्षानुवर्षं फिरणारं हे वाक्य चुकीचं आहे.

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहरात एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाकडे होता. तरी त्या काळात तक्रारी नोंदल्या जात होत्याच. पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर कुणीही रहिवासी थेट फोन करू शकतो, वॉर्ड ऑफिसात लेखी अर्जही देता येतो.

मात्र ‘आमच्या गल्लीत घाण आहे’ एवढ्यावर भागत नाही. कुठल्या दुकानासमोर, कुठल्या चेंबरपाशी, पाणी कधीपासून साचलंय, हे सांगा. पथदिवा बंद असेल तर खांबावरचा नंबर बघून ठेवा. आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. पाठपुरावा त्यावरच होतो. अर्जाच्या प्रतीवर पोचही हवीच.

नगरसेवक बिनकामाचा, असं नाही. नवा पदपथ, उद्यान अशा निधीच्या कामांना त्याचं वजन लागतं. पण तुटलेल्या झाकणासाठी त्याच्या ऑफिसबाहेर ताटकळायची गरज नाही.