प्रत्यक्ष प्रमाण (योगदर्शन)

पतंजलींच्या योगसूत्रांतील तीन प्रमाणांपैकी, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनांपैकी, पहिले. प्रमाण, विपर्यय, विकल्प (वस्तू नसताना केवळ शब्दांवरून होणारी कल्पना), निद्रा व स्मृती या चित्ताच्या पाच वृत्ती, म्हणजे व्यापार. त्यांपैकी प्रमाणाचे प्रत्यक्ष, अनुमान व आगम (आप्तवचन) हे प्रकार समाधिपाद या पहिल्या पादाच्या सातव्या सूत्रात येतात. चार्वाक एकटे प्रत्यक्ष मानतात, न्यायदर्शनाचे अनुयायी नैयायिक उपमान (सादृश्यावरून होणारे ज्ञान) धरून चार. योगाने सांख्यांचीच त्रयी स्वीकारली.

सूत्रात प्रत्यक्षाची व्याख्या नाही, ती योगसूत्रांवरील व्यासभाष्यात आहे. इंद्रियांच्या वाटेने चित्त बाह्य वस्तूपर्यंत जाते, तिच्या रंगाने रंगते आणि तदाकार होते. वस्तूला सामान्य व विशेष अशी दोन्ही अंगे असतात. प्रत्यक्षात विशेषाचा निश्चय प्रधान, अनुमानात सामान्याचा. धुरावरून डोंगरावर अग्नी आहे एवढे कळते, त्याच्या ज्वाळा केवढ्या ते कळत नाही. भाष्यकार मात्र धूर-अग्नीची घासून गुळगुळीत झालेली जोडी घेत नाहीत. चंद्र-तारे जागा बदलतात, म्हणून ते चैत्र नावाच्या माणसासारखे गतिमान. विंध्य जागा सोडत नाही, म्हणून अचल, असे त्यांचे अनुमान आहे. ताऱ्यांचे रात्रभराचे सरकणे पृथ्वीच्या परिवलनामुळे भासते, हे ठाऊक असलेल्या आजच्या वाचकाला यात थोडी गंमत वाटेल.

वृत्ती चित्ताची, मग जाणतो कोण? भाष्याप्रमाणे प्रमाणाचे फळ म्हणजे पुरुषाला (शुद्ध चैतन्याला) होणारा चित्तवृत्तीचा बोध. तो होतो कसा, यावर टीकाकारांत मतभेद आहेत. वाचस्पतिमिश्रांच्या मते पुरुषाचे प्रतिबिंब बुद्धीत (चित्तात) पडते आणि तेवढे पुरते. विज्ञानभिक्षू बुद्धिवृत्तीचेही प्रतिबिंब पुरुषात पडते असे मानतात.

प्रमाणाच्या उलट विपर्यय म्हणजे वस्तूच्या खऱ्या रूपावर न टिकणारे मिथ्याज्ञान. एखाद्याला दोन चंद्र दिसतात. एकच चंद्र आहे हे यथार्थ दर्शन त्या ज्ञानाचा बाध करते, म्हणजे ते खोटे ठरवते.

इथवरचा विचार इतर दर्शनांशी बराच जुळतो. योगाचे वेगळेपण पुढे आहे. निर्वितर्क समापत्तीतील (शब्दांची आठवण गळून केवळ वस्तूच भासते अशा एकाग्रतेतील) दर्शनाला भाष्यकार ‘परं प्रत्यक्ष’ म्हणतात आणि आगम व अनुमान यांचे बीज त्यातच असल्याचे सांगतात. सूक्ष्म वस्तूंवरील अशाच एकाग्रतेत, म्हणजे निर्विचार समाधीत, निर्मळता आली की ऋतंभरा (सत्य धारण करणारी) प्रज्ञा उदय पावते. शब्द आणि अनुमान सामान्यापाशी थांबतात, लौकिक प्रत्यक्ष सूक्ष्म, झाकलेल्या व दूरच्या वस्तूंपर्यंत पोहोचत नाही; त्या वस्तूंचे विशेष या प्रज्ञेला दिसतात. तरीही योगाची व्याख्याच चित्तवृत्तिनिरोध अशी असल्याने यथार्थ ज्ञानालाही सूट नाही. नैयायिकाला हे पटणे कठीण, कारण त्याच्या मते तत्त्वज्ञानानेच निःश्रेयस (मोक्ष) मिळते. प्रज्ञेतून उपजलेला संस्कार (चित्तावरचा ठसा) इतर संस्कारांना अडवतो, आणि त्याचाही निरोध झाल्यावर निर्बीज (कोणतेही आलंबन नसलेली) समाधी लागते.