त्रिसिनो ते लोटे परशुराम: पीफासची पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीत इटलीहून आलेली जुनी यंत्रं बसवली गेली आणि 'पीफास' (कार्बन-फ्लोरिन बंध असलेल्या, सहजी न मोडणाऱ्या मानवनिर्मित रसायनांचं घराणं) हा शब्द कोकणात पोहोचला. त्याची गोष्ट मात्र ८५ वर्षांहून जुनी आहे.

६ एप्रिल १९३८. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांनी गॅसच्या सिलिंडरची तोटी उघडली, पण गॅस येईना. वजन करून पाहिलं तर सिलिंडर रिकामा नव्हता. करवतीने कापल्यावर आत सापडली पांढरी, मेणचट भुकटी. तेच टेफ्लॉन. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका चिवट की तो ऊन, पाणी, जिवाणू कशालाच दाद देत नाही. तव्याला डोसा चिकटू नये, रेनकोट भिजू नये, पेट्रोलची आग फेसाने विझावी, म्हणून या घराण्यातली हजारो रसायनं पुढे बनली. बाजारात जो गुण म्हणून विकला गेला, पाण्यात उतरल्यावर तोच दोष ठरला. तुरटी फिरवा, क्लोरीन टाका, काही होत नाही. उकळलं तर पाणी आटतं, रसायन भांड्यातच उरतं. सक्रिय कोळशाचे फिल्टर ते पकडतात; पण कोळसा वेळोवेळी बदलावा लागतो आणि जुन्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच.

इटलीत व्हिचेन्झाजवळच्या त्रिसिनो गावात मार्झोत्तो या कापड उद्योगाने १९६०च्या दशकात संशोधनकेंद्र काढलं. कापडावर पाणी टिकू नये, हा उद्देश. त्याचाच पुढे 'मितेनी' हा रसायनांचा कारखाना झाला. जागा मात्र नेमकी नको तिथली: खालच्या मैदानाला पाणी पुरवणारा भूजलसाठा याच भागात भरतो. २०१३ साली सरकारी संशोधकांच्या तपासणीतून प्रदूषण उघड झालं, तेव्हा व्हिचेन्झा, व्हेरोना आणि पादुआ या तीन प्रांतांतले सुमारे साडेतीन लाख लोक त्याच्या कक्षेत होते. पोरांच्या रक्ततपासणीचे आकडे हातात पडल्यावर आया रस्त्यावर उतरल्या. 'मामे नो पीफास' ही त्यांची संघटना. मितेनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी धरून एकूण १४१ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. हा खालच्या न्यायालयाचा निकाल.

दरम्यान, २०१९ च्या लिलावात कारखान्याची यंत्रसामग्री लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय रसायन कंपनीच्या उपकंपनीने विकत घेतली आणि ती लोट्याला आली. भंगारात गेली असती तर कुणाचं लक्षही गेलं नसतं.

मितेनीत बनणाऱ्या पीएफओए या पीफास घराण्यातल्या रसायनावर स्टॉकहोम करारात (चिवट प्रदूषकांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) २०१९ सालीच बंदीचा निर्णय झाला होता. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या यादीत टाकलं. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा ठरवली, लिटरला ४ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग). आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक म्हणजे आयएस १०५००. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत पीफासचा रकानाच नाही.

लोट्याचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून दाभोळ खाडीकडे जातं. खाडीत मासे मरून तरंगतात, ही भोई मच्छीमारांची ओरड ही यंत्रं येण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. तक्रार झाली की नमुने घेतात, सामू (पाण्याची आम्लता) आणि सीओडी (पाण्यातली घाण कुजवायला-जाळायला किती ऑक्सिजन लागेल याचं माप) मोजतात. नॅनोग्रॅममधलं पीफास या चाचण्यांत दिसत नाही.