बांबू घासून वणवा पेटतो का?

दर उन्हाळ्यात एक फॉरवर्ड फिरतो: वाऱ्याने बांबू एकमेकांवर घासतात, ठिणगी पडते आणि वणवा लागतो, माणसाच्या हाती काही नाही.

बांबू घासून आग काढता येते, पण त्याला वाळलेली खपच्ची (बांबूची चिरलेली पट्टी), एकाच जागी सतत दाब आणि खाली भुसा लागतो. डोलणाऱ्या ओल्या बांबूंत हे जुळणं जवळजवळ अशक्य. लाकूड पेटायला साधारण ३०० अंश सेल्सिअस लागतात; आपल्या इंदूरचा मे महिना ४० च्या आसपास. विजेने आग लागते हे खरं, पण ती बहुधा पावसाच्या तोंडावर.

मग इंदूरजवळच्या चोरल-पाताळपाणीच्या जंगलातला सागाचा पाचोळा मार्च-एप्रिलमध्येच का पेटतो? तेव्हा मोहाच्या झाडाची फुलं गळतात, ती लोक वेचतात. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि आग पुढे सरकते. रस्त्याकडेची विडी, शेतातला पेटता काडीकचरा हेही आहेच.

पडताळायचं तर उपग्रहाचे आगीचे नकाशे इंटरनेटवर फुकट आहेत. ठिपके वाटा-वस्त्यांजवळ आहेत की बांबूच्या बेटात, ते पाहा.

गावकऱ्यांना दोष देऊन भागत नाही; मोह हे त्यांचं उत्पन्न. झाडाखाली जाळी बांधली किंवा पाचोळा झाडून घेतला, तर काडी लावावीच लागत नाही. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून जंगलात मोकळे ठेवलेले पट्टे, मात्र फेब्रुवारीतच साफ हव्यात.