एसीएल तुटलं की गादी फाटली?

गुडघा मुरगळला, एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. 'हाड शाबूत आहे ना, मग झालं. क्रेप बँडेज बांध आणि तेल चोळ.' घोळ इथूनच सुरू होतो. तरुण खेळाडूंच्या गुडघ्याला सर्रास होणाऱ्या दोन मोठ्या दुखापती साध्या एक्स-रेत दिसतच नाहीत. एक म्हणजे एसीएल हे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा, तुटणं आणि दुसरी मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, फाटणं. मैदानावर दोन्हींना सरसकट 'लिगामेंट गेलं' म्हणतात आणि मग एकाचा हिशोब दुसऱ्याला लावला जातो. 'तो दीड महिन्यात मॅटवर आला, तू अजून कुबड्या घेऊनच?'

एसीएल गुडघ्याच्या मधोमध असतं. नडगी पुढे सरकू न देणं आणि वळताना गुडघा निसटू न देणं हे त्याचं काम. गाद्या दोन असतात, आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक. आकार चंद्रकोरीसारखा. मांडीच्या हाडाचा भार या गाद्या नडगीवर नीट वाटून देतात.

दोन्ही दुखापती बऱ्याचदा एकाच हालचालीत होतात. कबड्डीत चढाईपटू बोनस घेऊन झटकन मागे वळतो, पाऊल मॅटला धरून राहतं आणि अंग फिरतं. कोणी हातही लावलेला नसतो. एसीएल तुटलं तर बऱ्याच जणांना आतून 'कट्' असा आवाज आल्यासारखं वाटतं आणि काही तासांतच गुडघा टम्म फुगतो, कारण सांध्यात रक्त साठतं. एकाच खेळात मुलांपेक्षा मुलींमध्ये ही दुखापत जास्त दिसते. गादी फाटलेला मात्र कधीकधी सामना पुरा करून घरी येतो. सूज हळूहळू चढते, बहुधा दुसऱ्या दिवशी. मग उकिडवं बसताना सांध्याच्या फटीवर, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी, कळ येते. फाटलेला तुकडा सांध्यात अडकला तर गुडघा सरळच होत नाही. अशा वेळी कोणी पाय ओढून 'मोकळा' करून देतो म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका, थेट ऑर्थोपेडिककडे जा.

खरा फसवा प्रकार एसीएलचा. तीन-चार आठवड्यांत सूज उतरते, दुखणं थांबतं, सरळ रेषेत जॉगिंगही जमतं. पोराला वाटतं बरा झालो. पहिल्या चकव्याला गुडघा सटकतो, आणि असा तो पुन्हा पुन्हा सटकला की चांगली असलेली गादीही फाटू शकते. अनुभवी डॉक्टर एमआरआयच्या आधीच हाताने अंदाज घेतात. गुडघा किंचित वाकवून एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. चांगला एसीएल ओढ चटकन थांबवतो, तुटलेला असेल तर नडगी सैल पुढे येते.

उपचारात दोघांच्या वाटा पार वेगळ्या होतात. पूर्ण तुटलेलं एसीएल सहसा टाके घालून जोडत नाहीत. आपल्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा स्नायूबंध काढून त्या जागी बसवतात. (पोराची उंची अजून वाढत असेल तर हाडाच्या टोकाचा वाढीचा भाग सांभाळून हे करावं लागतं.) बसवलेला बंध सुरुवातीच्या महिन्यांत आधी कमजोर होतो आणि मग सावकाश लिगामेंटसारखा घडत जातो. म्हणजे खेळाडूला बरं वाटू लागतं तेव्हाच तो बंध सगळ्यात नाजूक असतो. ९ महिने थांबा म्हणतात ते यासाठी. नॉर्वेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की ९ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितकं पुढे ढकलावं, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा धोका साधारण निम्म्याने घटतो. शिवाय मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के भरायला हवी. नुसत्या तारखेवर मॅटवर उतरू नये.

गादीचं तसं नाही. तिच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली चीर शिवता येते. आतल्या भागाला तो नसतो, तिथला फाटका तुकडा बहुधा कापून काढतात. कापलं तर चार-सहा आठवड्यांतही मैदान दिसतं. शिवलं तर चार-सहा महिने जातात आणि सुरुवातीला गुडघा ठरावीक कोनापलीकडे वाकवायलाही बंदी. निवड चाचणी तोंडावर असली की कोणाचा कल कुठे जाणार हे सांगायला नको. पण कापलेली गादी परत येत नाही. तिचा भार हाडावरच्या कूर्चेवर, म्हणजे गुळगुळीत आवरणावर, पडतो आणि सांधा लवकर झिजण्याचा धोका वाढतो.

अमेरिकन बास्केटबॉलपटू डेरिक रोझच्या वाट्याला हे तिन्ही आलं. एप्रिल २०१२ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, डाव्या गुडघ्याचं एसीएल तुटलं आणि पुढचा पूर्ण हंगाम गेला. नोव्हेंबर २०१३ मध्ये उजव्या गुडघ्यातली गादी फाटली, ती शिवली, तोही हंगाम संपला. फेब्रुवारी २०१५ मध्ये तीच गादी पुन्हा फाटली. या वेळी तुकडा कापला आणि सहा आठवड्यांत तो कोर्टवर होता. पहिल्या वेळी शिवणं वाया गेलं असं यावरून म्हणणारे भेटतील. मला ते पटत नाही, कारण २५ वर्षांच्या पायात गादी वाचवायचा एक प्रयत्न तरी व्हायलाच हवा.

शिवायचं की कापायचं हे सर्जन बऱ्याचदा दुर्बीण आत गेल्यावर ठरवतात. तेव्हा पोर भुलेखाली असतं. म्हणून 'शिवता आली तर शिवा, वेळ लागला तरी चालेल' हे आधीच बोलून ठेवा. आणि एसीएल व गादी एकत्रच गेली असतील तर घाईचं कारणही उरत नाही. एसीएलसाठी ९ महिने बसायचंच आहे, टाके त्यात आरामात भरतात.