मत्स्य तळ्याच्या अनुदानासाठी अर्ज: सातबाऱ्याआधी माती तपासा

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत गोड्या पाण्याचे नवीन संवर्धन तळे खोदण्याचा खर्च हेक्टरी 7 लाख रुपये धरतात. खाद्य, बीज, खत यांसाठी हेक्टरी 4 लाख वेगळे. अनुदान सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. एका व्यक्तीला मर्यादा 2 हेक्टर. अर्ज जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात जातो आणि जागेची पाहणी होते. कागद नंतरही जुळवता येतात, पण जमीनच गळकी निघाली तर पुढचे सगळे व्यर्थ.

म्हणून आधी मातीचे बघा. तळ्याची खोली दीड मीटर धरली, तरी चाचणीचा खड्डा दोन मीटर घ्या. वरची काळी माती पाहून खूश होऊ नका. आपल्याकडे तीन-चार फुटांखाली मुरूम लागतो आणि पोकलेनने तो उघडा पडला की पाणी तिथूनच जाते. मूठभर ओल्या मातीचा गोळा हातभर वर उडवून झेला, फुटला नाही तर चिकणमाती पुरेशी आहे. मग कमरेइतका दुसरा खड्डा घेऊन तो सकाळी पाण्याने काठोकाठ भरा. संध्याकाळपर्यंत पाणी उतरेलच, कारण कोरडी माती ते पिते. पुन्हा भरून फांद्यांनी झाका. दुसऱ्या दिवशी सकाळी बरेचसे पाणी टिकले असेल तर जागा चालेल. मुरूम असेल तर बांधाला काळ्या मातीचा गाभा आणि तळाला चिकणमातीचा थर, नाहीतर प्लास्टिक अस्तर, हा खर्च अंदाजपत्रकात आधीच दाखवा. काळी माती सुकली की भेगाळते, त्यामुळे तळे उन्हाळ्यात पूर्ण कोरडे पाडणेही महागात पडते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. 10 गुंठे, दीड मीटर खोली म्हणजे सुमारे 15 लाख लिटर. दिवसाला 8 मिमी बाष्पीभवन धरले तर रोज 8 हजार लिटर नुसते उडून जाते, झिरपणे वेगळे. मे महिन्यात विहीर एवढे देते का, हे बघूनच क्षेत्र ठरवा. पाण्याचा सामू (pH) 7 ते 8.5 आणि विरघळलेला प्राणवायू लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर हवा. बोअरचे पाणी थेट तळ्यात सोडू नका, त्यात प्राणवायू नसल्यात जमा असतो, फवाऱ्याने पाडा. वरच्या बाजूला द्राक्षबाग किंवा ऊस असेल तर फवारणीचे पाणी तळ्यात उतरणार नाही, अशी चर काढा. नदीकाठी निळ्या पूररेषेच्या (पुराचे पाणी कुठवर येते, हे दाखवणाऱ्या सरकारी रेषेच्या) आतली जागा टाळा: पुरात बांध फुटतो, रोहू-कटला नदीत जातात.

कागदपत्रे: डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा व 8-अ, मोजणी नकाशा, आधार, बँक पासबुक, लागू असल्यास जातीचा दाखला, जागेचे फोटो, प्रकल्प अहवाल. जमीन भाड्याची असेल तर नोंदणीकृत करार. नोटरी केलेल्या साध्या कागदावर विसंबू नका. सातबाऱ्यावर सहहिस्सेदार असतील तर त्यांची लेखी संमती, आणि भोगवटादार वर्ग-2 जमीन (जिच्या हस्तांतरावर सरकारी बंधने असतात) असेल तर तहसील कार्यालयात आधी चौकशी करा. इतर हक्काच्या रकान्यातला जुना, फेडलेला बोजा बहुतेकांच्या लक्षात येत नाही; तो फेरफाराने कमी करून घ्या.

मंजुरीपत्र हातात येईपर्यंत जेसीबी लावू नका. पाहणीत खोदलेले तळे दिसले, तर ते ‘नवीन’ कसे, हे सिद्ध करणे अवघड जाते.