पेट स्कॅनमध्ये चमकते ती साखरेची भूक

स्वादुपिंडाच्या गाठीची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: गोड आणि पिष्टमय सगळं बंद करा, गाठ उपाशी मरेल. पुरावा म्हणून पेट स्कॅनचा, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ टोचून तो शरीरात कुठे साचतो ते दाखवणाऱ्या तपासणीचा, दाखला दिला जातो. ‘कर्करोग साखर खातो, म्हणूनच तर स्कॅनआधी साखर टोचतात ना?’ यातलं अर्धंच खरं आहे.

टोचतात ते एफडीजी. हे ग्लुकोजच, फक्त त्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवरचा ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेला असतो. पेशीला फरक कळत नाही. ती त्याला आत घेते आणि हेक्झोकायनेज हे विकर (एन्झाइम) त्याला फॉस्फेट जोडतं. फॉस्फेट लागलं की रेणूला पेशीबाहेर पडता येत नाही. नेहमीच्या ग्लुकोजवर पुढचं विकर काम करतं, पण त्याला नेमका दुसऱ्या कार्बनवरचा तो गट लागतो. इथे तो नाही. म्हणजे मागे जाता येत नाही आणि पुढेही नाही. जी पेशी जास्त साखर ओढते तिच्यात हा रेणू साचत जातो. फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन, म्हणजे धन भार असलेला इलेक्ट्रॉनचा जुळा कण, शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघं नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. यंत्र त्या जोड्या टिपून साठ्याची जागा शोधतं. फ्लोरिन-१८चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटं. मला सर्वांत आवडणारा भाग याच्या पुढचा आहे: क्षय झाल्यावर फ्लोरिनचा ऑक्सिजन होतो, त्याला एक हायड्रोजन मिळतो आणि अडकलेला रेणू साधं ग्लुकोज-फॉस्फेट बनतो. मग पेशी ते नेहमीसारखं वापरून टाकते. माणसाला एफडीजी पहिल्यांदा दिलं गेलं ते १९७६ साली.

तेव्हा स्कॅनमध्ये दिसते ती साखरेची भूक. मेंदू तर प्रत्येक स्कॅनमध्ये लखलखतो. जखम भरून आणणाऱ्या पांढऱ्या पेशीही साखर भराभर ओढतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे टाक्यांची जागा चमकू शकते. स्वादुपिंडाला सूज असली तरी तेच. उलट, संथ वाढणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन गाठी (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या गाठी) एफडीजी फारसं घेत नाहीत. त्यांच्यासाठी पेशीवरच्या सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या ग्राहकांना (रिसेप्टर्सना) चिकटणारं किरणोत्सारी गॅलियम-६८चं औषध वापरतात. रिपोर्टमधला ‘चमकणारा भाग’ हा शब्द वाचून रात्र जागून काढण्याआधी डॉक्टरांना विचारावं, की हा जुन्या स्कॅनमध्ये होता का. एकट्या चित्रापेक्षा तुलना जास्त सांगते. जुन्या सीडी जपायच्या त्या यासाठीच. नियमित तपासणीत मुख्य भर बहुधा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅनवर असतो; पेट शंका आली तर.

आता उपाशी ठेवण्याबद्दल. साखर खाल्ली नाही तरी रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. यकृत ते तयार करतं, आणि त्यासाठीची अमिनो आम्लं स्नायूंची प्रथिनं मोडून येतात. गाठीला मारायला निघालेला माणूस स्वतःचे स्नायू झिजवतो, तेही वजन आधीच घटलेलं असताना. मधुमेह झाला असेल तर पिष्टमय पदार्थ मोजून खावे लागतात, पण ते कारण वेगळं. स्कॅनआधीचे उपाशी तासही वेगळे: रक्तात ग्लुकोज जास्त असेल तर ते एफडीजीशी स्पर्धा करतं आणि चित्र फिकं येतं.

वजन घटण्यामागे बऱ्याचदा साधी गोष्ट असते. स्वादुपिंडाचा भाग गेल्याने पाचक विकरं कमी पडतात आणि चरबी न पचता बाहेर जाते. शौच फिकट, तेलकट, तरंगणारं आणि उग्र वासाचं होतं. विकरांच्या कॅप्सूल यासाठीच असतात. त्यातल्या दाण्यांवरचा लेप जठरातल्या आम्लात टिकतो आणि आतड्यात, आम्ल कमी झालं की विरघळतो. विकरं अन्नात मिसळायला हवीत, म्हणून कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण मोठं असेल तर मध्येही एक. जेवण झाल्यावर तासाभराने घेतली तर अन्न पुढे निघून गेलेलं असतं. वजन तरीही उतरत असेल तर पुढच्या स्कॅनच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांगावं. मात्रा वाढवता येते.