गावाला बक्षीस, सरपंचाला हार : ग्रामस्वच्छता पुरस्कारांची पार्श्वभूमी

गाव सुधारणाऱ्याचा सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि तासभर भाषणे. 2000-01 मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने ही रीत मोडली नाही, पण बक्षिसाचे पैसे मात्र माणसाऐवजी ग्रामपंचायतीच्या खात्यात टाकले. ग्रामविकासमंत्री तेव्हा आर. आर. पाटील होते. राज्यात पहिल्या येणाऱ्या गावाला 25 लाख रुपये, खाली विभाग आणि जिल्हा पातळीवर वेगळी बक्षिसे. स्टेजवर हार सरपंच आणि ग्रामसेवकाला पडे, रक्कम गावाच्या कामाला जाई.

नाव गाडगेबाबांचे घेतले ते उगाच नाही. अमरावती जिल्ह्यातला हा माणूस (1876-1956) गावात शिरला की आधी खराटा घेई, कीर्तन रात्री. देणग्या धर्मशाळांना लागत, त्यांच्या अंगावर कायम चिंध्याच.

अभियानाआधीचा अनुभव कडू होता. 1990 च्या दशकात अनुदानावर संडास बांधून झाले, पण अनेक घरांत त्यांत गोवऱ्या नि सरपण रचलेले. लोकांना संडास मिळाला होता, हवा मात्र नव्हता. स्पर्धेने गणित उलटे केले. आधी काम, मग तपासणी, मग पैसे. शेजारच्या गावाला बक्षीस मिळाले ही गोष्ट अनुदानापेक्षा जास्त झोंबली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना अडवणारी ‘गुड मॉर्निंग पथके’ याच वाटेने आली. ती परिणामकारक होती हे खरे, पण चारचौघांत एखाद्याची, त्यातही बायाबापड्यांची, फजिती करणे ही पुढारपणाची चांगली खूण नव्हे.

केंद्राने 2003 मध्ये, उघड्यावरचे शौच पूर्ण थांबवणाऱ्या पंचायतींसाठी, निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला. फेब्रुवारी 2005 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते पहिले पुरस्कार दिले गेले, तेव्हा पंचायती होत्या 40. ग्रामपंचायतीची रक्कम लोकसंख्येवर ठरे : हजाराच्या आत 50 हजार, दहा हजारांवर 5 लाख. राष्ट्रपतींच्या हातून मान मिळतो म्हटल्यावर अर्जांचा पूर आला, दोन-तीन वर्षांत आकडा हजारांत गेला आणि तपासणी पातळ झाली. 2008 मध्ये युनिसेफने सहा राज्यांतली 162 निर्मल ग्रामे पाहिली. पूर्ण हागणदारीमुक्त निघाली फक्त 6.

घसरण का झाली, हे खड्ड्यात उतरल्याशिवाय कळत नाही. ग्रामीण भागात चालणारा संडास दोन शोषखड्ड्यांचा. पाच-सहा माणसांच्या घराला साधारण एक मीटर व्यासाचे, तितकेच खोल दोन खड्डे, मध्ये किमान मीटरभर अंतर, विटांत पाणी मुरायला भोके, तळ कच्चा. भांडे जास्त उताराचे, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात काम होते. भांड्यापुढच्या छोट्या चेंबरमधून दोन्ही खड्ड्यांकडे नळी जाते आणि एका वेळी एकच तोंड उघडे ठेवायचे असते. तीन-चार वर्षांनी पहिला भरला की त्याचे तोंड बंद करून दुसऱ्याचे उघडायचे. पहिल्यात वर्ष-दीड वर्षाने कोरडे, वास नसलेले खत तयार होते. ते फावड्याने काढता येते.

गवंडी घाईत असला की दोन्ही तोंडे उघडीच ठेवतो. दोन्ही खड्डे एकदम भरतात, दोन्हीत मैला ओलाच राहतो, उपसायला टँकर लागतो आणि घरचे पुन्हा रानात जातात. ‘मोठा खड्डा बरा’ म्हणून दहा फूट खोदणारे तर सर्वत्र भेटतात. जमिनीतले पाणी वर असलेल्या भागात तो खड्डा शेजारच्या विहिरीला भोवतो. तपासणी पथक पहिल्या वर्षी येते. तेव्हा झाकण बसवलेले, भिंत रंगवलेली, सारे ठीक दिसते. चेंबरचे झाकण उचलून किती तोंडे उघडी आहेत एवढे पाहिले, तरी चौथ्या वर्षी काय होणार ते तिथेच कळते.